एकशे पंचाहत्तर: थंड की गरम?

काकांनी माझ्या गाडीचे चारही स्पार्क प्लग काढून जुन्या वर्तमानपत्रावर ओळीने मांडले होते. डावीकडून एक, दोन, तीन, चार, म्हणजे कोणता प्लग कोणत्या सिलिंडरचा यात गोंधळ नको. दोन नंबरचा उचलून त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि प्लगचं टोक डोळ्यांजवळ नेलं. टोकाची चिनीमाती खडूसारखी पांढरीफटक झाली होती आणि तिच्यावर मिऱ्याची पूड उडावी तसे बारीक ठिपके होते.

"हा प्लग कुणी निवडला?"

"मी."

"नंबर बघून?"

"हो. कंपनीचा होता त्याच्या एक नंबर वरचा. थंड."

काका हसले नाहीत. "हा गरम आहे," म्हणाले, आणि प्लग परत वर्तमानपत्रावर त्याच्या जागी ठेवला.

हे ठाण्यात, कोपरीत घडलं. स्टेशनच्या पूर्वेला उतरून आत आलं की जी दाट वस्ती लागते, तिच्यात काकांचं पत्र्याचं शेड आहे. गाडी माझी. चाकणला बनलेली फोक्सवॅगन पोलो जीटी टीएसआय, सेकंड हँड. ११९७ सीसीचं इंजिन, टर्बो, १०५ पीएस ताकद. २०१३ मध्ये ती आली तेव्हा आपल्याकडे एवढ्या किमतीत एवढी चपळ गाडी फारशी नव्हती, आणि २०२२ मध्ये पोलो बंद झाल्यापासून तिचे भक्त आणखीच कडवे झालेत. मी त्यांच्यातलाच. गाडी घेतल्यावर वर्षभरात मी इंजिनचं सॉफ्टवेअर बदलून घेतलं. टर्बोचा दाब वाढला, ताकद वाढली. मग एका मित्राने सांगितलं की दाब वाढवलास तर प्लगही एक नंबर वरचा, थंड टाक. सल्ला बरोबर होता. मी तो चुकीच्या भाषेत ऐकला.

कसारा घाटात तिसऱ्या गिअरवर गाडी दाबली तेव्हा इंजिनातून डब्यात खडे हलवल्यासारखा आवाज आला. मग ताकद एकदम पडली आणि डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागला. मी रोज कोड लिहितो, त्यामुळे दिवा लागल्यावर प्रथम सॉफ्टवेअरचाच संशय आला. लॅपटॉप जोडून दोन रात्री आलेख बघत बसलो. प्लग काढून बघावा हे सुचलं नाही. तो साडेतीनशे वर्षांपूर्वीचा भाग असल्यासारखं मी त्याच्याकडे बघत होतो.

तसा तो जुना आहेच. १८६० साली पॅरिसमध्ये एत्येन लन्वारने गॅसवर चालणारं इंजिन बनवलं, त्यात पेटवण्यासाठी विजेची ठिणगी होती आणि ती वाहून नेणाऱ्या तारेभोवती चिनीमाती. पण नंतरही बरीच वर्षं मोटारी बनवणाऱ्या सगळ्यांचाच ठिणगीवर विश्वास होता असं नाही. डाइमलरच्या सुरुवातीच्या गाड्यांत बर्नरने तापवून लाल केलेली नळी असे, मिश्रण तिच्यावर आपटून पेटे. वेग वाढवायचा म्हटलं की ही नळी नडायची, कारण ती नेमकी कधी पेटवेल हे तिलाच ठाऊक. १९०२ मध्ये रॉबर्ट बॉशच्या स्टुटगार्टच्या कारखान्यात गॉटलोब होनोल्ड या इंजिनिअरने जास्त दाबाची वीज तयार करणारा मॅग्नेटो आणि त्याला साजेसा प्लग अशी जोडी बनवली, आणि तिथून पुढे ठिणगीची वेळ माणसाच्या हातात आली.

वेळ हातात आली तसे इंजिनांचे फेरे वाढले, ताकद वाढली, आणि एक नवीच अडचण उभी राहिली. ठिणगी पडायच्या आधीच मिश्रण पेटायला लागलं. कारण खुद्द प्लग. त्याचं टोक इतकं तापायचं की तेच जुन्या लाल नळीचं काम करायचं. पिस्टन अजून वर येतोय आणि समोरून स्फोट होतोय. असं थोडा वेळ जरी चाललं तरी पिस्टनला भोक पडू शकतं.

इथे प्लगची 'थंडी' आणि 'गर्मी' समजून घ्यायला हवी, कारण नावावरून हमखास गैरसमज होतो. गरम प्लगची ठिणगी जास्त गरम नसते. ठिणगीशी या शब्दांचा संबंधच नाही. प्रश्न एवढाच की टोकाला लागलेली आग किती लवकर निघून जाते. मधल्या तारेभोवती चिनीमातीचं नाक असतं. ते लांब असेल तर उष्णतेला टोकापासून लोखंडी अंगापर्यंत आणि तिथून इंजिनच्या हेडपर्यंत लांबचा प्रवास करावा लागतो, टोक तापलेलं राहतं. हा गरम प्लग. नाक आखूड असेल तर उष्णता झटकन उतरते. हा थंड प्लग. टोक साधारण ५०० अंश सेल्सियसच्या वर राहायला हवं, नाहीतर त्याच्यावर बसणारी काजळी जळून जात नाही आणि वीज ठिणगी न पाडता त्या काजळीवरून पळून जाते. आणि ८५० च्या फार वर जायला नको, नाहीतर वर सांगितलेली लाल नळी. संथ इंजिनाला गरम प्लग, तापट इंजिनाला थंड प्लग. बस.

मग कोणत्या इंजिनाला कोणता, हे दुकानदाराला कसं कळणार? १९२०च्या दशकात बॉशने यावर एक आकडा काढला. चाचणीच्या इंजिनात प्लग बसवायचा, पूर्ण जोर लावायचा, आणि तो आपल्या तापाने मिश्रण पेटवेपर्यंत किती काळ तग धरतो ते मोजायचं. जास्त तग धरला, मोठा आकडा. म्हणजे १४५ च्या प्लगपेक्षा १७५ चा प्लग थंड, १७५ पेक्षा २२५ चा थंड. मला हा आकडा फार आवडतो. तो कुणीतरी मीटिंगमध्ये ठरवलेला क्रमांक नाही, प्लगने सोसलेल्या आगीचा हिशेब आहे.

हा हिशेब आपल्याकडे बंगळुरूमार्गे आला. १९५१ मध्ये तिथे बॉशच्या भागीदारीत मोटर इंडस्ट्रीज कंपनी निघाली. तिचं आद्याक्षरांचं नाव मायको. पुढे तिचा एक कारखाना नाशिकला आला, आणि २००८ मध्ये कंपनीचं नावच बॉश लिमिटेड झालं. पण गॅरेजात काकांच्या पिढीला आजही बॉश म्हटलं की क्षणभर थांबावं लागतं. मायको म्हटलं की लगेच कळतं. डब्ल्यू १७५ टी १ असं त्या प्लगच्या पांढऱ्या अंगावर छापलेलं असायचं. डब्ल्यू म्हणजे आट्यांचं माप, १४ मिलिमीटर. मधला आकडा तो तग धरण्याचा. बाकीची अक्षरं कुणी वाचत नसे. "एकशे पंचाहत्तर दे" म्हटलं की काम व्हायचं. (पोलो जीटीचा टॉर्कही १७५ न्यूटन-मीटर आहे. योगायोग. मला तो कळल्यावर उगाच बरं वाटलं.)

काका तरुणपणी कुर्ल्याला शिकले. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली, तिचा कारखाना कुर्ल्यात होता. आज तिथे कोहिनूर सिटी आहे. आधी डॉज, प्लिमथ जोडल्या गेल्या, मग फियाट. १०८९ सीसीची फियाट ११००, तिचीच पुढे १९७४ मध्ये पद्मिनी झाली. चाळीस हॉर्सपॉवर. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी ती हीच. शेवटची नोंदणी २००३ च्या ऑक्टोबरात झाली आणि वीस वर्षांची मुदत संपल्यावर २०२३ च्या ऑक्टोबरअखेर ती रस्त्यावरून गेली. कारखान्याच्या आसपास लहान गॅरेजांची रांग होती, काका त्यातल्या एकात प्लग घासायला लागले.

घासायला म्हणजे शब्दशः. त्या काळी प्लग बदलण्याची गोष्ट नव्हती, साफ करायची गोष्ट होती. वाळूचा फवारा मारणारी मशीन असायची. प्लग तिच्यात उलटा खोचायचा, फुर्रकन आवाज, काजळी गायब. मशीन नसेल तर तारेचा ब्रश, पॉलिश पेपर, रॉकेल. मग फिलर गेजची पातळ पट्टी दोन टोकांमध्ये सरकवून फट तपासायची, ०.६ मिलिमीटरच्या आसपास. जास्त असेल तर बाहेरचं टोक हलकेच ठोकायचं. आमच्या बाबांच्या चेतकच्या डिकीतही प्लगचा पाना आणि एक जादा प्लग कायम असायचा. टू-स्ट्रोक इंजिन पेट्रोलबरोबर तेलही जाळायचं, काजळी भरपूर. स्कूटर रस्त्याकडेला एका अंगावर वाकवून प्लग घासणारे बाप ही माझ्या पिढीने पाहिलेली बहुधा शेवटची दुरुस्ती, जी घरातल्या माणसाला येत होती.

आणि प्लग वाचायचा. ही काकांची खरी विद्या. बिस्किटासारखा तपकिरी रंग आला तर इंजिन खूश. काळा, कोरडा, मऊ थर म्हणजे पेट्रोल जास्त जातंय किंवा प्लग फार थंड आहे. काळा पण ओला, तेलकट म्हणजे रिंग झिजल्या, तेल वर येतंय. पांढरा म्हणजे तापलाय. चेन्नईजवळ शोलावरमला, दुसऱ्या महायुद्धातल्या धावपट्टीवर, मोटारींच्या शर्यती व्हायच्या. तिथे फियाटीही धावायच्या. शर्यतीच्या इंजिनाची नाडी बघायची रीत जगभर एकच होती. पूर्ण वेगात असताना एकदम इंजिन बंद करायचं, गाडी तशीच घरंगळू द्यायची आणि प्लग काढून रंग बघायचा. चालू ठेवून हळू केली तर हळू चालीचा रंग वर चढतो आणि वेगाचा पुरावा पुसला जातो. डेटा लॉगिंगची ही त्या काळची पद्धत म्हणा. एक वाचन, चार प्लग, शून्य केबल.

पण या विद्येतही एक खोच आहे आणि ती काकांनीच सांगितली. तो बिस्किटाचा रंग निम्मा पेट्रोलचा होता. पेट्रोलमध्ये तेव्हा शिसं असायचं, ते जळून प्लगवर तपकिरी-करडा थर बसवायचं. १९९५ च्या एप्रिलपासून चार महानगरांत कॅटॅलिटिक कन्व्हर्टरवाल्या नव्या गाड्यांसाठी शिसं नसलेलं पेट्रोल मिळू लागलं, आणि फेब्रुवारी २००० पासून देशभर तेच. वर कार्ब्युरेटर जाऊन इंजेक्शन आलं, मिश्रण मोजूनमापून जाऊ लागलं. चांगला चालणारा प्लगही आता जुन्यापेक्षा पांढुरका दिसतो. "सुरुवातीला मी चांगल्या गाड्यांना आजारी म्हणायचो," काका म्हणाले. मग माझ्या प्लगवर आजार कसा ओळखला? त्यांनी तो परत उचलून दाखवला. रंगावर जाऊ नकोस, चमक बघ. निरोगी पांढऱ्यावर पातळ धूळ असते. हा भाजून गुळगुळीत झालाय. आणि हे ठिपके बघ.

ठिपके कशाचे हे त्यांनी लगेच सांगितलं नाही. प्लगच्या भोकातून एक बारीक कॅमेरा आत सोडला, चारही पिस्टन मोबाइलच्या स्क्रीनवर पाहिले, आणि मगच म्हणाले, "ॲल्युमिनियम. पिस्टनचं. वाचलास, अजून खरवडलंय फक्त." पोलोचं इंजिन उघडायचं म्हणजे माझे काही महिन्यांचे पगार. मी पाणी मागितलं.

आता चूक. माझ्या मित्राच्या गाडीत एनजीके. ही नागोयाची जपानी कंपनी, १९३६ ची. तिची मूळ मंडळी कपबशांच्या नोरिताके घराण्यातली. तिथून विजेच्या खांबांवरचे चिनीमातीचे इन्सुलेटर, तिथून प्लग. (स्पार्क प्लग हा मुळात कुंभाराचा माल आहे, लोहाराचा नाही, हे यावरून पटावं.) एनजीकेच्या प्लगवर एकेरी आकडे असतात, आणि मोठा आकडा म्हणजे थंड. सहापेक्षा सात थंड. जुन्या बॉशचीच दिशा. मित्राचं 'एक नंबर वर' हे या भाषेतलं.

माझ्याकडे आला तो बॉशचा प्लग. आणि बॉशने मधल्या काळात आपलं ते सुंदर, आगीत मोजलेलं आकड्यांचं शास्त्र बदलून टाकलं होतं. नव्या पद्धतीत १४५ चा झाला ८, १७५ चा ७, २०० चा ६, २२५ चा ५. नीट बघा. आकडे लहान झाले एवढंच नाही, उलटे झाले. आता मोठा आकडा म्हणजे गरम. अमेरिकेच्या चॅम्पियनचंही तसंच, मोठा तो गरम. जपानची डेन्सो मात्र एनजीकेच्या बाजूने. म्हणजे जगातल्या प्लगच्या दुकानात एकाच फळीवर दोन दिशांनी वाढणारे आकडे शेजारी-शेजारी बसलेत, आणि डब्यावर बाण कुणीच छापलेला नाही. कॉम्प्युटरवाल्यांना हे ओळखीचं वाटेल: बाइट्स कोणत्या टोकाकडून वाचायचे यावर आमच्यातही दोन पंथ आहेत. पण तिथे चूक झाली तर पडद्यावर कचरा येतो, पिस्टन वितळत नाही.

बंद बाजारपेठेच्या काळात ही चूक सहसा झाली नसती, असं काकांचं म्हणणं. गाड्या दोन, प्लग बहुतेक एकाच कंपनीचा, आकडा एकाच दिशेचा. निवड नव्हती म्हणून गोंधळ नव्हता. मला हे तितकंसं पटत नाही. त्या काळी पद्मिनीसाठी वर्षानुवर्षं थांबावं लागायचं, हेही तेच सांगतात. पण गोंधळ कधी सुरू झाला याचा त्यांचा दाखला आमच्या जिल्ह्यातलाच आहे. कल्याण-शीळ रस्त्यावर, डोंबिवलीजवळ, याच प्रीमियरच्या कारखान्यात नव्वदीच्या दशकात प्यूजो ३०९ बनली. फ्रेंच गाडी, डोंबिवलीचे कामगार. १९९७ पर्यंत प्यूजोने गाशा गुंडाळलाही. मागे राहिलेल्या गाड्यांना प्लग हवे होते. काकांनी पहिल्यांदा तेव्हा दुकानात उभं राहून विचारलं, की हा आकडा माझ्या एकशे पंचाहत्तरच्या हिशेबात किती?

प्लग बदलले. चार नवे, इरिडियमचे. इरिडियम २४०० अंशांच्या वर वितळतं, निकेल साडेचौदाशेच्या आसपास, म्हणून इरिडियमचं टोक सुईसारखं बारीक ठेवता येतं आणि ते झिजतही नाही. बारीक टोकावरून ठिणगी कमी दाबात उडते. टर्बोला हे लागतंच. १८८९ मध्ये पाशेन नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने दाखवलं होतं की ठिणगीला लागणारा विजेचा दाब हवेचा दाब आणि फटीचं अंतर यांच्या गुणाकारावर ठरतो. सिलिंडरमध्ये हवा जास्त कोंबली की एक तर वीज वाढवा, नाहीतर फट कमी करा. सीएनजीवर टॅक्सी आल्या तेव्हा काका हेच करत होते, फट थोडी कमी, पाशेनचं नाव न ऐकता. मात्र इरिडियमची फट ठोकून कमी करायची नाही आणि वाळूने तर घासायचंच नाही. मधलं टोक तुटतं. फट मोजताना काकांनी गेज त्या टोकाला टेकू दिला नाही, श्वास धरून मोजली.

घालताना पाना लावायच्या आधी त्यांनी प्रत्येक प्लग रबरी नळीच्या तुकड्यात खोचून बोटांनी फिरवला. आटा चुकला तर रबर घसरतं, हेडचं ॲल्युमिनियम वाचतं. इंजिन गार होतं. शेवटी टॉर्क रेंच. मला वाटलं होतं काका हाताच्या अंदाजावर घट्ट करतील. "अंदाज लोखंडी हेडला चालायचा," ते म्हणाले.

आणि नंबर? मी या वेळी खरोखरचा थंड प्लग मागितला, एक पायरी. काकांनी तोंड वाकडं केलं, पण घातला. तीन महिन्यांनी परत काढला तेव्हा टोक काळं, कोरडं. बघून कळलंच. माझी गाडी वर्षातून चार वेळा घाट चढते. उरलेले दिवस ती घोडबंदर रोडवर नाहीतर आनंदनगर नाक्याच्या आसपास पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये रांगते. कोपरीचा रेल्वेपूल २०२३ मध्ये रुंद झाला, पुढच्या वर्षी नाक्यावरचा लहान गाड्यांचा टोलही गेला, तरी संध्याकाळी सातला तिथे कुठल्याही प्लगचं टोक ५०० अंश गाठेल असं मला वाटत नाही. सॉफ्टवेअरवाल्याकडून टर्बोचा दाब थोडा उतरवून घेतला, आणि प्लग कंपनीने सांगितलेल्या मूळ नंबरचे बसवले. मित्राला हे अजून सांगितलेलं नाही.

भाजलेले चार प्लग माझ्या टेबलावर आहेत, पेन ठेवायच्या मगात. काकांना आता कुणी टर्बोवालं गिऱ्हाईक आलं की ते मला फोन करतात. त्यांना बारीक छापील अक्षरं दिसत नाहीत, डब्याचा फोटो पाठवतात. परवा असाच एक आला. मी फोटो मोठा करून बघितला आणि सांगितलं, "काका, सात आहे."

"ते दिसतंय रे," काका म्हणाले. "कुणाचा सात?"